किल्टची लाल फीत

लग्न भावाचं, तेही थेट स्कॉटलंडमध्ये. मग काय, किल्ट घालणं आलंच! पण सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो मोज्यावर लटकणाऱ्या दोन बोटभर फितींनी.

‘‘तुझे फ्लॅश कुठल्या रंगाचे घेऊ?’’

दादाचा मेसेज आला तेव्हा मी डेक्कनवरच्या एका कॅफेत डेडलाइनशी झटापट करत होतो. मला वाटलं, लग्नाच्या फोटोग्राफरचं काहीतरी असेल. ‘‘फ्लॅश पांढराच असतो ना रे?’’ असं मी टाइप केलं. उत्तरादाखल फोटो आला. एक केसाळ पोटरी, त्यावर गुडघ्याखाली दुमडलेला जाड लोकरी मोजा आणि दुमडीखालून बाहेर डोकावणाऱ्या दोन लाल जिभा. खाली एकच ओळ: ‘‘हे. मोज्याचे. तू किल्ट घालतोयस.’’

विचारलं नव्हतं, कळवलं होतं. दादा म्हणजे माझा मावसभाऊ. नऊ वर्षं एडिंबरामध्ये आहे, एका बँकेचं सॉफ्टवेअर सांभाळतो आणि त्याच बँकेतल्या एका स्कॉटिश मुलीशी लग्न करत होता. आमच्या बाजूचं वऱ्हाड एकूण तीन माणसांचं: मावशी, काका आणि मी.

या वऱ्हाडात एक छोटासा प्रॉब्लेम होता. काका आणि दादा एकमेकांशी बोलत नव्हते. भांडण वगैरे काही नाही. काकांचं तुळशीबागेत मॅचिंग सेंटर होतं, पस्तीस वर्षं. दादा दोन वर्षांसाठी म्हणून शिकायला गेला तो गेलाच. शेवटी २०१९ साली काकांनी दुकान दुसऱ्याला दिलं. तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात. तेव्हापासून दोघांमधलं सगळं दळणवळण मावशीमार्फत. ‘‘त्याला विचार, जेवला का.’’ आणि हे एकाच सोफ्यावर बसून!

असो. आधी फ्लॅश म्हणजे काय ते सांगतो, कारण मलाही हे जूनपर्यंत माहीत नव्हतं.

किल्टखाली जे जाड, गुडघ्यापर्यंतचे मोजे घालतात त्यांना तिथे ‘होज’ म्हणतात. ते खाली घसरू नयेत म्हणून पायाला गार्टर बांधायचा. पूर्वी ही यार्डभर लांब विणलेली नाडीच असायची. ती पायाभोवती गुंडाळून विशिष्ट गाठ मारायची आणि तिची टोकं खाली लोंबत राहायची. आता नाडीच्या जागी इलॅस्टिकचा पट्टा आला, मागे हूक किंवा वेल्क्रो आलं, गाठ गेली. टोकं मात्र राहिली. म्हणजे फ्लॅश हे त्या नाडीच्या टोकांचं शोभेपुरतं उरलेलं रूप आहे. एका पट्ट्यावर कापडाच्या दोन फिती, मोज्याच्या दुमडीखालून इंच-दीड इंच दिसतील एवढ्याच. आपल्याकडेही हा प्रकार येऊन गेलाय. बेडन-पॉवेलच्या स्काउटांच्या मोज्यांवर अशाच हिरव्या फिती असायच्या. काकांना फोटो दाखवला तर म्हणाले, ‘‘हे तर स्काउटचे गार्टर. यात काय एवढं?’’

एवढं काय, ते नंतर कळलं.

एडिंबराला पोचलो त्याच संध्याकाळी व्याह्यांकडे जेवण होतं. संध्याकाळ कसली, रात्रीचे नऊ वाजलेले आणि बाहेर लख्ख उजेड. नवरीचे वडील मोठा दिलदार माणूस. जेवणानंतर उभे राहून म्हणाले, ‘‘तुम्ही सगळ्यांनी लग्नात आमचं टार्टन घाला. आता तुम्ही घरचेच.’’ त्यांचं टार्टन मॅकेन्झी. मी टाळ्या वाजवायच्या बेतात होतो, तेवढ्यात काका माझ्या कानाशी आले. ‘‘म्हणजे आडनाव त्यांचं लावायचं? हा घरजावई झाला की रे.’’

काका हळू बोलले असं त्यांना वाटतं. टेबलापलीकडे दादाने खाली मान घालून काटा-चमचा नीट एका रेषेत ठेवला. मावशी म्हणाली, ‘‘पुडिंग छान झालंय.’’

आता खरं सांगायचं तर काकांची शंका अगदीच वेडगळ नव्हती. टार्टन म्हणजे चौकटीचं कापड आणि प्रत्येक घराण्याची म्हणजे क्लॅनची चौकट वेगळी, असं आपण ऐकतो. पण हे सगळं वाटतं तेवढं पुराणकालीन नाही. १७४६ साली कलोडनच्या लढाईत हायलँडमधल्या बंडखोरांचा पराभव झाला आणि त्याच वर्षीच्या कायद्याने पुरुषांना हा पोशाख घालायला बंदी झाली. फौजेतल्यांना तेवढी सूट होती. बंदी उठली १७८२ मध्ये. मग १८२२ साली राजा चौथा जॉर्ज एडिंबराला आला. त्या सोहळ्याची सूत्रं कादंबरीकार वॉल्टर स्कॉटकडे होती आणि त्याने सगळ्यांना टार्टनमध्ये नटवलं. त्यानंतर ही फॅशन जी उसळली, तिच्यात कुठल्या घराण्याचं कुठलं टार्टन याच्या याद्या पक्क्या होत गेल्या. आज तर २००९ पासून सरकारी नोंदवहीच आहे, तिथे नवं टार्टनही नोंदवता येतं. तिकडच्या शिखांचं सिंग टार्टनसुद्धा आहे. आणि कुणी कुठलं घालावं याला कायद्याने काहीही बंदी नाही. संकोच असतो तो माणसांचा.

ज्यांचा क्लॅन नाही अशांसाठी काही सर्वांना चालणारी टार्टन्स आहेत. त्यातलं सगळ्यात ओळखीचं ब्लॅक वॉच: गडद निळा, गडद हिरवा आणि काळा. याच नावाच्या पलटणीचं हे टार्टन. ती पलटण २००६ साली रॉयल रेजिमेंट ऑफ स्कॉटलंडमध्ये सामील झाली, पण कापडाला कुणाची हरकत नसते. दादाने त्या रात्रीच ठरवलं. नवरीचे वडील मॅकेन्झी घालतील, आपण ब्लॅक वॉच. मला वाटलं, विषय संपला.

दुसऱ्या दिवशी आम्ही लीथ भागातल्या एका किल्टच्या दुकानात गेलो. किल्ट घालणारे चौघं: दादा, मी आणि दादाचे दोन मित्र. मित्रांची मापं आधीच झाली होती. काका ‘‘मी परकर नेसणार नाही’’ असं पुण्याहूनच जाहीर करून आले होते, पण हॉटेलवर बसून काय करणार, म्हणून मावशीने त्यांना आमच्याबरोबर पिटाळलं.

दुकानातल्या बाई साठीच्या. गळ्यात टेप, ओठांत टाचण्या. त्यांनी एक पूर्ण घेराचा, हाताने शिवलेला किल्ट काउंटरवर पसरला. मागे चुण्याच चुण्या, पुढचा भाग सपाट. याला आठ यार्ड कापड लागतं, त्या म्हणाल्या. यार्ड म्हणजे वार. काकांनी माझ्याकडे पाहिलं. ‘‘आठवार! आपल्या नऊवारीला एकच कमी.’’ मग चष्मा लावला आणि चुणी उलटून आतली शिलाई बघायला लागले. त्या बाईंच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी तुळशीबागेत पाहिलेलं आहे. दुकानदाराला दुकानदार ओळखतो.

भाड्याच्या किल्टला अर्थातच एवढा घेर नसतो. (आणि हो, किल्टच्या आत काय घालतात, हा प्रश्न मला ऑफिसं असलेल्या आणि नसलेल्या सगळ्या मित्रांनी विचारला. भाड्याचा किल्ट आहे मित्रांनो, जरा विचार करा.)

काकांनी खुणेनेच मॅकेन्झीचं कापड मागितलं. बाईंनी दोन्ही ताके शेजारी ठेवले. काकांनी बोटाने चौकटी मोजल्या. एकदा, दोनदा. ‘‘अरे, हे तेच आहे. त्यावर फक्त एक पांढरी आणि एक लाल रेघ ओढलीय.’’

मी भाषांतर केलं. बाई हसल्या. बरोबर आहे, म्हणाल्या. मॅकेन्झींच्या सरदाराने अठराव्या शतकाच्या शेवटी जी पलटण उभारली तिच्या कापडात या रेघा आल्या. ती पलटण म्हणजे ७८वी हायलँडर्स. हे नाव ऐकल्यावर मी फोनवर थोडी शोधाशोध केली आणि गप्प बसलो. १८०३ साली जालना भागात असईची लढाई झाली. शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांच्या फौजेसमोर वेलस्ली. त्याच्या बाजूने लढणाऱ्यांत ही ७८वी होती. व्याह्यांच्या घराण्याची आणि आपली ओळख तशी जुनीच निघाली! काकांना हे मी लग्न झाल्यावर सांगितलं. आधी सांगण्याचा धीर नव्हता.

मग आले फ्लॅश.

बाईंनी खण बाहेर ओढला. लाल, बॉटल ग्रीन, नेव्ही, जांभळा, सोनेरी, राखाडी, शिवाय किल्टच्याच टार्टनमधले. टोकाला कुणाच्या उलटा व्ही कापलेला, कुणाची टोकं सरळ. भाड्याच्या सेटमध्ये एक जोड येतोच, पण दुकानदार जो देईल तो. वेगळा हवा असेल तर विकत घ्या, साधारण दहा-पंधरा पौंडांत येतो. अख्ख्या पोशाखात स्वतःच्या मर्जीने निवडता येईल अशी एवढीच गोष्ट, असं दादा म्हणाला. जॅकेट ठरलेलं, पुढे लटकणारा तो बटवा म्हणजे स्पोरन ठरलेला, लांब नाड्यांचे बूट ठरलेले.

प्रचलित नियम सोपा आहे. किल्टमधला एखादा रंग उचला आणि तोच फ्लॅशला घ्या. दादाने बॉटल ग्रीन उचलला. सेफ. आयटीवाल्यांचा एकूणच कल सेफ असतो. त्याने तो मोज्यावर धरून आरशात पाहिलं.

‘‘त्याला सांग,’’ काका मला म्हणाले, ‘‘तीन पावलं मागे जा.’’

दादा मागे गेला. फ्लॅश गायब. हिरवा, निळा, काळा, सगळं एकमेकांत विरघळून नुसता अंधार.

इथून पुढची दहा मिनिटं म्हणजे तुळशीबाग होती. काकांनी खण स्वतःकडे ओढला. मॅचिंग सेंटरचा नियम असा, ते मला सांगायला लागले, पण आवाज दादाला ऐकू जाईल एवढा. साडीच्या अंगाचा रंग ब्लाउजला घेतला की बाई एकाच रंगात बुडते. काठाचा रंग घेतला की साडी उठते. म्हणून गिऱ्हाईक आलं की आधी काठ बघायचा. आता या कापडाला काठच नाही. तिन्ही रंग अंगाचे. मग काठ बाहेरून आणायचा.

‘‘कुठून?’’ हा प्रश्न दादाने विचारला. थेट.

काका क्षणभर थांबले. मी मुद्दाम काही बोललो नाही. माझं भाषांतराचं खातं इंग्रजीपुरतं होतं.

‘‘तुझ्या सासऱ्यांच्या किल्टातली लाल रेघ आहे ना, ती घे,’’ काका म्हणाले. ‘‘कापड आपलं, काठ त्यांचा.’’

‘‘बाबा, ब्लॅक वॉच आपलं कधीपासून झालं?’’

‘‘भाडं आपण भरतोय ना?’’

दादा हसला. मोठ्याने नाही, पण हसला. मी काउंटरवरच्या टाचण्या मोजत राहिलो.

लाल म्हटलं की झालं असं तुम्हाला वाटत असेल तर तुम्ही कधी मॅचिंग सेंटरमध्ये आईबरोबर उभे राहिलेले नाही. बाईंनी लाल फ्लॅश पुढे केला, काकांनी मान हलवली. त्यांनी विचारलं, व्याह्यांचा किल्ट कुठल्या छटेतला? हा प्रश्न ऐकून बाईंनी ओठांतल्या टाचण्या काढून ठेवल्या. कारण हाच प्रश्न त्या विचारणार होत्या. एकाच टार्टनच्या निरनिराळ्या रंगछटा असतात. ‘मॉडर्न’ म्हणजे गडद, रासायनिक रंगांच्या जमान्यातल्या. ‘एन्शंट’ म्हणजे फिकट, जुन्या वनस्पतींच्या रंगांची आठवण देणाऱ्या. ‘वेदर्ड’ म्हणजे ऊन-पाऊस खाऊन विटल्यासारख्या. चौकट तीच, रंग वेगळे. मॉडर्नमधला लाल कुंकवाच्या जवळचा, एन्शंटमधला शेंदराकडे झुकणारा.

दादाने नवरीला फोन लावला. एन्शंट, ती म्हणाली, आणि किल्टचा फोटोही पाठवला. काकांनी फोनकडे पाहिलंसुद्धा नाही. ‘‘फोटोवर रंग जुळवतात का?’’ मग बाईंनी गिरणीचं नमुन्यांचं पुस्तक काढलं, त्यात एन्शंट मॅकेन्झीचा हातभर तुकडा सापडला. दुकानात तीन लाल होते: एक डाळिंबी, एक भडक आणि एक शेंदरी छटेचा. काकांनी तिन्ही जोड आणि तो तुकडा घेतला आणि सरळ दुकानाबाहेर चालू पडले.

बाई माझ्याकडे बघायला लागल्या. चोरी नाही हो, मी म्हणालो, उजेडात बघायला गेलेत.

ट्यूबलाइटखाली रंग जुळवायचा नाही, हा काकांचा पस्तीस वर्षांचा धर्म. दिव्याखाली सारखे दिसणारे दोन रंग उन्हात फटकून वागतात, कारण दिव्याच्या उजेडात सगळे रंग सारख्या प्रमाणात नसतात आणि दोन वेगळ्या रंगद्रव्यांचा दिसणारा मेळ त्या उजेडापुरताच असतो. बाहेर ढगाळ होतं. तेच उत्तम, काका म्हणाले, कडक उन्हात लाल फसवतो. फुटपाथवर बापलेक उभे, एकाच्या हातात फिती, दुसऱ्याच्या हातात कापड. काका फीत तुकड्यावर आडवी ठेवायचे, मग उभी, मग डोळे बारीक करून बघायचे. दादा विचारायचा, ‘‘हा?’’ काका म्हणायचे, ‘‘थांब.’’ शेंदरी छटेचा लोकरीचा जोड पसंत झाला. तो भडकही होता, पण पॉलिएस्टरचा. चमकतो, म्हणून बाद.

चार जोड विकत घेतले. पैसे काकांनी दिले, मावशीने ब्लाउजच्या पाकिटात जपलेल्या पौंडांतून. अर्थातच, चार जोड घेतोय तर काही कमी करा, हे मला भाषांतरित करावं लागलं. बाईंनी दर कमी केला नाही, तो टार्टनचा तुकडा मात्र देऊन टाकला.

मोज्यांबाबत जास्त सांगत नाही. पांढरे मोजे भाड्याच्या सेटमध्ये सर्रास येतात आणि जाणकार मंडळी त्यांना नाक मुरडतात. काका म्हणाले, ‘‘पांढरे मोजे म्हणजे बँडवाले.’’ आम्ही गडद राखाडी घेतले. 

लग्न होतं उत्तरेला, रॉस-शायरमध्ये, स्ट्रॅथपेफरजवळच्या एका गावात. सकाळी मी हॉटेलच्या खोलीत एकटाच अर्धा तास त्या मोज्यांशी लढलो आणि विजयी मुद्रेने बाहेर आलो. काकांनी मला एक गिरकी मारायला लावली. फ्लॅश पोटरीवर मागे गेले होते. ते पायाच्या बाहेरच्या बाजूला हवेत, किंचित पुढे झुकलेले, दोन्ही पायांवर सारख्या उंचीवर. मोज्याची दुमड गुडघ्याच्या वाटीखाली तीन-चार बोटं सोडून. पट्टा दुमडीच्या आत, फिती फक्त टोकाला दिसतील एवढ्या. पट्टा फार आवळला तर दोन तासांनी पाय ठणकतो, सैल सोडला तर नाचताना मोजा घोट्यावर येतो. उजव्या मोज्यात ती छोटी सुरी, स्गियन डू. पारंपरिक पोशाखाचा भाग म्हणून तिथे कायद्याने चालते, आमच्या सेटमधली तर बोथटच होती. तुमची खरी असेल तर विमानात केबिन बॅगेत ठेवू नका, एवढीच सूचना.

काकांनी हे सगळं कुठून मिळवलं? दुकानातल्या बाईंनी दिलेलं माहितीपत्रक रात्री चष्मा लावून वाचलं होतं, म्हणाले. स्वतः बंदगळा आणि डोक्यावर फेटा.

मग दादा आला. एक फ्लॅश वाकडा होता. काका सरळ त्याच्यासमोर गुडघ्यावर बसले आणि मोज्याला हात घातला.

‘‘बाबा, पाय नका ना धरू,’’ दादाने पाऊल मागे घेतलं. त्याचा चेहरा फितीसारखा झाला होता.

‘‘हलू नकोस. हे खरं तर तुझ्या सासऱ्यांचं काम. जावयाचे पाय त्यांनी धुवायचे असतात.’’

मावशी खिडकीकडे तोंड करून पदर सारखा करत राहिली. काकांनी डावा फ्लॅश बसवला, उजवा बसवला, मागे सरकून दोन्ही पायांकडे एकत्र पाहिलं, परत डावा एक सूत खाली ओढला. यात पाचेक मिनिटं गेली असतील. तेवढ्यात नवरीचे वडील आत आले आणि दारातच थांबले. त्यांनी आधी दादाच्या मोज्यांकडे पाहिलं, मग स्वतःच्या किल्टकडे, मग काकांकडे. ‘‘तुम्ही जुळवलंत?’’ काकांनी उत्तर दिलं नाही. खिशातून तो टार्टनचा तुकडा काढला आणि व्याह्यांच्या किल्टवर ठेवून दाखवला.

संध्याकाळच्या नाचाबद्दल एवढंच सांगतो की ‘स्ट्रिप द विलो’ नावाच्या प्रकारात तुम्हाला एका ओळीतल्या प्रत्येक अनोळखी माणसाच्या हातात हात अडकवून गरगर फिरावं लागतं, आणि कॉर्पोरेट ऑफसाइटवर तुम्ही जे काही केलं असेल ते याच्यापुढे योगासन आहे. मावशी दोन फेऱ्या नाचली. काका एका खुर्चीत बसून सगळ्यांच्या पोटऱ्यांकडे बघत होते.

सोमवारी किल्ट परत करायचे होते. हॉटेलच्या पलंगावर काकांनी सामान मांडलं. चार किल्ट, चार जॅकेटं, बूट, स्पोरन, सुऱ्या. फ्लॅश आपले, ते वेगळे. चार जोड म्हणजे आठ. मोजले तर सात.

‘‘राहू दे ना बाबा,’’ दादा म्हणाला. ‘‘एक गेला तर गेला.’’

‘‘जोड मोडला की माल गेला,’’ काका म्हणाले. ‘‘त्या हॉलवाल्याला फोन लाव. नाचाच्या इथे, खिडकीखाली बघायला सांग.’’

दादाने फोन लावला.